आतड्यातील जिवाणू, श्वसनमार्गाचे विषाणू आणि आपले औषधपत्र



वर्षा ऋतूत अग्नी मंद होतो, हे आपण विद्यार्थिदशेपासून पाठ करीत आलो आहोत. त्याच ऋतूत प्रतिश्याय, कास आणि ज्वराचे रुग्ण दवाखान्यात वाढतात, हेही आपण दरवर्षी पाहतो. कोष्ठ आणि उरःस्थान यांचा हा संबंध आपल्याला अपरिचित नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात सतराव्या अध्यायात हिक्का व श्वास यांचा उगम पित्तस्थानात सांगितला आहे, आणि ज्वराच्या संप्राप्तीत दोष आमाशयात शिरून अग्नीला स्वस्थानातून बाहेर काढतात, असे वर्णन आहे. म्हणूनच आतड्यातील जिवाणू आणि श्वसनमार्गाचे विषाणुजन्य विकार यांच्या संबंधावर गेल्या दीड दशकात जे संशोधन झाले, त्याकडे आपण कुतूहलाने पाहणे स्वाभाविक आहे. परंतु त्या संशोधनाचा स्वीकार आपण कशा प्रकारे करावा, याविषयी काही स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. 2011 मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांना प्रतिजैविके देऊन त्यांच्या आतड्यातील जिवाणू कमी केले आणि नंतर त्यांना फ्लूच्या विषाणूचा संसर्ग केला. या उंदरांचा रोगप्रतिकारक प्रतिसाद दुबळा पडला आणि फुप्फुसांत विषाणूचे प्रमाण अधिक राहिले. 2017 मध्ये सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातून आणखी एक महत्त्वाचा निष्कर्ष आला. वनस्पतिज आहारातील फ्लॅव्होनॉइड नावाच्या घटकांचे आतड्यातील एक जिवाणू विघटन करतो, आणि त्यातून निर्माण होणारा पदार्थ शरीरातील इंटरफेरॉनची व्यवस्था सज्ज ठेवून उंदरांचे फ्लूपासून रक्षण करतो. मात्र हा लाभ तो पदार्थ संसर्गापूर्वी दिला असतानाच दिसला. 2018 मध्ये तंतुमय आहारावर वाढविलेल्या उंदरांना फ्लूचा त्रास कमी झाल्याचे प्रसिद्ध झाले.

मनुष्यांविषयीचा पुरावा याहून थोडा आहे, पण तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी प्रौढांना फ्लूची लस देण्याच्या सुमारास काही दिवस प्रतिजैविके दिली गेली. ज्यांच्या रक्तात पूर्वीची प्रतिपिंडे कमी होती, त्यांचा लशीला मिळणारा प्रतिसाद त्यामुळे खालावला. ज्यांच्याजवळ पूर्वीची प्रतिकारशक्ती होती, त्यांच्यात तसा ठळक परिणाम दिसला नाही. 2021 मध्ये हाँगकाँगच्या संशोधकांनी कोविडच्या रुग्णांच्या मलाची तपासणी केली, तेव्हा काही उपकारक जिवाणू घटलेले आढळले. आपल्याच देशात ओडिशातील ग्रामीण भागात 4,556 नवजात बालकांवर झालेला आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तर प्रत्येक वैद्याने लक्षात ठेवावा असा आहे. लॅक्टोबॅसिलस जातीचा एक जिवाणू त्याच्या पोषक शर्करेसह केवळ सात दिवस दिल्याने जंतुदोष व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आले, आणि श्वसनमार्गाच्या खालच्या भागातील संसर्गही कमी झाले.

आता मुख्य मुद्दा. असे काही वाचले की आपल्यापैकी अनेकांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. ‘हे तर आमच्या आचार्यांनी पूर्वीच सांगितले आहे’, असे म्हणून आपण ते कात्रण स्वागतकक्षात लावतो आणि पुढच्या रुग्णाला हाक मारतो. या समाधानात दोन दोष आहेत.

पहिला दोष शास्त्रीय आहे. अग्नी म्हणजे जिवाणू नव्हेत, आणि आम म्हणजे जिवाणूंचा बिघाड नव्हे. चरकांनी विमानस्थानात वीस प्रकारचे कृमी सांगताना सहज कृमी त्यांतून वगळले, आणि चक्रपाणिदत्तांनी ते विकार न करणारे मानले, हे वाचून कोणालाही आनंद होईल. परंतु एवढ्या एका उल्लेखावर आधुनिक जिवाणुशास्त्राची इमारत उभी करणे हा आपल्याच ग्रंथांवर अन्याय ठरेल. येलच्या प्रयोगात दुबळ्या झालेल्या उंदरांना गुदमार्गाने जिवाणूंचा एक घटक दिल्यावर प्रतिकारक प्रतिसाद सुधारला. हे ऐकताच बस्तीचे माहात्म्य सिद्ध झाले, असे म्हणण्याचा मोह होतो. तथापि तो जिवाणूचा घटक होता, निरूह नव्हता, आणि रुग्ण उंदीर होता. बस्तीचा परिणाम सिद्ध करावयाचा असेल, तर तो बस्ती देऊनच करावा लागेल.

दुसरा दोष आचरणाचा आहे, आणि मला तो अधिक गंभीर वाटतो. ज्या संशोधनाचा आपण अभिमानाने उल्लेख करतो, त्याचा सर्वांत सरळ अर्थ असा की निष्कारण दिलेले प्रतिजैविक हे विषाणूवर निरुपयोगी असतेच, शिवाय ते आतड्यातील उपकारक जिवाणूंनाही धक्का पोहोचवते. असे असता आपल्यातील मिश्र चिकित्सा करणाऱ्या कित्येक बंधूंच्या औषधपत्रावर साध्या प्रतिश्यायासाठी पहिल्याच दिवशी ॲझिथ्रोमायसिन असते, आणि त्याखाली सितोपलादी चूर्ण. ब्रिटनमधील दोन मोठ्या चाचण्यांत 2021 मध्येच ॲझिथ्रोमायसिनचा कोविडमध्ये लाभ नसल्याचे दिसून आले. तरीही सवय सुटत नाही. एका हाताने अग्नीची महती सांगावयाची आणि दुसऱ्या हाताने कोष्ठाची व्यवस्था विस्कटावयाची, ही विसंगती रुग्णाच्या लक्षात आली नाही तरी आपल्या लक्षात यावयास हवी.

यावर उत्तर ठरलेले असते. रुग्णाला उद्या कामावर जावयाचे असते; आपण ‘स्ट्राँग’ गोळी दिली नाही, तर तो शेजारच्या दवाखान्यात जाईल. ही अडचण खरी आहे. परंतु लंघन, उष्णोदक, पेया आणि विश्रांती यांचा क्रम समजावून सांगण्यास जी पाच मिनिटे लागतात, ती आपण खर्च करीत नाही, हेही तितकेच खरे आहे. ज्वरात औषध केव्हा द्यावे आणि केव्हा थांबावे, याचा एवढा सूक्ष्म विचार ज्या शास्त्राने केला, त्याच्या अनुयायांना थांबण्याचे धैर्य नसावे, हे शोभत नाही.

थांबणे म्हणजे दुर्लक्ष नव्हे. श्वास लागणे, प्राणवायूचे प्रमाण 94 टक्क्यांच्या खाली जाणे, उतरलेला ज्वर पुन्हा चढणे, छातीत दुखणे, ग्लानी येणे, ही लक्षणे दिसताच रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. जिवाणुजन्य फुप्फुसदाहात प्रतिजैविक प्राणरक्षक आहे आणि तेथे ते दिलेच पाहिजे. 2009 मध्ये स्वाइन फ्लूच्या साथीत पुण्याने जे अनुभवले, ते विसरता येण्याजोगे नाही.

औषधालयांच्या मालकांनाही येथे दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. सेफिक्झिमसारखी अनेक प्रतिजैविके 2014 पासून ‘एच वन’ अनुसूचीखाली आहेत. त्यांची विक्री वैद्यकीय चिठ्ठीवरच करावयाची असून तिची नोंद तीन वर्षे जपावयाची असते. पट्टीतून दोन गोळ्या कापून देणे हा ग्राहकावरील उपकार नाही. त्याचप्रमाणे ‘प्रतिकारशक्ती वाढविणारे’ म्हणून प्रत्येक काढा व प्रत्येक प्रोबायोटिक पुढे करण्याचाही संयम हवा. 2022 च्या कॉक्रेन आढाव्यानुसार प्रोबायोटिकांनी सर्दीसारख्या संसर्गांत काही लाभ संभवतो, पण त्यामागील पुरावा फार भक्कम नाही. 2020 मध्ये आयुष मंत्रालयालाच कोविडविषयक दाव्यांच्या जाहिराती थांबविण्याचा आदेश काढावा लागला होता, याचे स्मरण असू द्यावे.

मग आपण काय करावे? प्रतिश्यायाच्या प्रत्येक रुग्णपत्रिकेत क्षुधा, मलप्रवृत्ती आणि गेल्या तीन महिन्यांत घेतलेली प्रतिजैविके यांची नोंद करावी. निरोगी काळात ज्वारी, नाचणी, मूग, पालेभाज्या, कांदा, लसूण, आवळा आणि ताजे तक्र यांचा प्रकृती व ऋतूनुसार आहार सांगावा, कारण रक्षण संसर्गापूर्वीच्या आहारात आहे, असेच हे संशोधन सुचवते. आणि आपल्या संघटनेच्या शाखांनी एका पावसाळ्यापुरते तरी ठरवावे, की या नोंदी एकाच नमुन्यात ठेवू आणि वर्षअखेरीस एकत्र मांडू. त्यातून प्रश्न स्पष्ट झाला, तर देशाच्या चिकित्सा-चाचणी नोंदवहीत रीतसर नोंदणी करून पुढील अभ्यास हाती घेता येईल. ही नोंदवही 2007 पासून उपलब्ध आहे.

परदेशातील प्रयोगशाळांनी आपल्या ग्रंथांना प्रमाणपत्र द्यावे, अशी अपेक्षा बाळगण्याचे कारण नाही. आपल्या ग्रंथांची कसोटी आपल्याच रुग्णांवर, आपल्याच नोंदींतून लागणार आहे. येत्या वर्षा ऋतूत औषधपत्र लिहिताना पहिल्या ओळीपाशी क्षणभर लेखणी थांबली, तरी त्या कामाचा आरंभ झाला असे म्हणता येईल.