मुलांच्या नावेचें शीड

मागील महिन्यांत एका भगिनींचें पत्र आलें. त्यांच्या धाकट्या दिरांनीं मुंबईहून एक वापरलेली लहानशी शिडाची नाव मुलांकरितां विकत आणली. नावेबरोबर डोलकाठी आली, शीड आलें, आणखी दोन काठ्या आल्या, आणि एका गोणपाटाच्या पिशवींत दोऱ्यांचा गुंता आला. कोणती दोरी कोठें बांधावी हें सांगणारें मात्र कोणी आलें नाहीं. घरांत कर्ते पुरुष तीन; प्रत्येकानें आपापल्या मतीप्रमाणें गांठी मारल्या. पहिल्याच रविवारीं अकरा वर्षांचा थोरला मुलगा धरणाच्या पाण्यावर गेला, तो वाऱ्याबरोबर झपाट्यानें पैलतीरास लागला. सर्वांनीं टाळ्या पिटल्या. पुढें दोन तास तो परत येण्याची खटपट करीत होता. नाव तिरकी तिरकी होऊन पुन्हां त्याच कांठाला लागे. शेवटीं काका रस्त्यानें वळसा घालून गेले आणि त्याला घेऊन आले. आतां आजींनीं नाव विकून टाकण्याचा हुकूम सोडला आहे, आणि मुलगा म्हणतो, "मला हें जमणार नाहीं." भगिनी विचारतात, दोष मुलाचा कीं नावेचा?

मला तर दोष दोघांचाही दिसत नाहीं. पत्रासोबतचें छायाचित्र पाहतां दोष गांठींचा आहे, आणि तो एका दुपारींत दूर होण्यासारखा आहे.

वाऱ्याबरोबर जाण्यास शिडाची विद्या लागत नाहीं. नावेंत उघडी छत्री धरून बसलें तरी पैलतीर गांठतां येईल. कस लागतो तो परततांना. वारा ज्या दिशेनें येतो त्या दिशेस सरळ जातां येत नाहीं. त्याच्या रेषेशीं सुमारें ४५ अंशांचा कोन करून, एकदां उजवीकडे व एकदां डावीकडे, असें नागमोडी जावें लागतें. त्या वेळीं शीड वाऱ्याचा धक्का खाणारें फडकें न राहतां पक्ष्याच्या पंखासारखें कार्य करतें. डोलकाठीजवळ त्याला बेताचा फुगवटा हवा आणि मागच्या कडेस तें सपाट होत जावें. गोणीसारखें लोंबणारें शीड नावेला पुढें नेण्याऐवजीं आडवें सरकवितें. तेव्हां शीड कसें बांधलें आहे या प्रश्नाचा खरा अर्थ मूल घरीं परत येऊं शकेल कीं नाहीं, असा आहे. आजींची भीति अनाठायीं नव्हती. उपाय तेवढा चुकीचा सुचला.

ही नाव 'ऑप्टिमिस्ट' जातीची आहे. चौकोनी नाकाची, सुमारें २·३६ मीटर लांबीची, ३५ किलो वजनाची ही पेटीवजा नाव १९४७ सालीं अमेरिकेंत फ्लॉरिडा प्रांतांतील क्लिअरवॉटर येथें क्लार्क मिल्स यांनीं मुलांसाठींच आंखली. तेथील ऑप्टिमिस्ट क्लबचें नांव तिला मिळालें. पुढें डेन्मार्कमार्गें ती युरोपांत पसरली. पंधरा वर्षांपर्यंतचीं मुलें ती शर्यतींत चालवितात. आपल्याकडेही मुंबईच्या खाडींत, गोव्यांत आणि हैदराबादच्या हुसेनसागरांत तीं पांढरीं लहान शिडें दिसतात. शीड सुमारें ३·३ चौरस मीटरांचें, म्हणजे एका मोठ्या चादरीएवढें. परंतु तेवढें एका मुलाला पुरून उरतें.

छायाचित्रांतील गांठी पाहून घरांत कोणीतरी कोंकणचें असावें असें वाटलें. आपल्या किनाऱ्यावरील जुन्या गलबतांचें शीड एका लांब तिरप्या काठीला बांधून ती काठी डोलकाठीवर दोरानें चढवीत. येथें तसें नाहीं. ऑप्टिमिस्टचें शीड थेट डोलकाठीलाच ठिकठिकाणीं बांधतात. खालची कड 'बूम' नांवाच्या आडव्या काठीला बांधतात. आणि 'स्प्रिट' नांवाची तिसरी तिरपी काठी शिडाचा वरचा बाहेरचा कोपरा आभाळाकडे ढकलून धरते. कोंकणांतील अनुभव फुकट जाणारा नव्हे, पण येथें तो जसाच्या तसा लावतां येत नाहीं. अमरकोशांत डोलकाठीला 'गुणवृक्षक' म्हटलें आहे. गुण म्हणजे दोर, दोरांचें झाड. ज्यानें हा शब्द योजिला त्यानें नाव जवळून पाहिली असली पाहिजे, कारण काठी केवळ उभी असते, काम सारें दोर करतात.

बांधण्यापूर्वीं जुनें सामान तपासावें. शीड उन्हांत धरून शिवणींवरून नख फिरवावें. सूर्यप्रकाशानें कापडाच्या आधीं शिवणीचा दोरा कुजतो. नखानें टांका तुटला तर ती शिवण पुन्हां घालून घ्यावी. भोंकांच्या धातूच्या कड्या सैल झाल्या आहेत काय तें पाहावें. डोलकाठीचें खालचें टोंक ज्या खोबणींत बसतें तिच्याभोंवतीं भेग असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत नाव पाण्यांत घालूं नये. नाव उचलतांना वाजवीपेक्षां फार जड लागली, तर तिच्या पोटांत पाणी मुरलें आहे असें समजावें.

आतां दोऱ्या. गोणींतील दोऱ्या बहुधा टाकून द्याव्या लागतील. कपडे वाळत घालण्याची नायलॉनची दोरी येथें कामाची नाहीं. ती भिजली व ओढ बसली कीं लांबते, आणि सकाळीं घट्ट असलेली गांठ दुपारीं बोटभर सैल होते. सुताची दोरी उलट भिजून आंखडते. न ताणणारी, दोन-तीन मिलिमीटर जाडीची 'डायनीमा'ची दोरी मिळते, ती घ्यावी. एवढ्या एका बाबतींत काटकसर करूं नये.

सोयीसाठीं शिडाच्या चार कोपऱ्यांना नांवें देतों. डोलकाठीजवळचा वरचा तो कंठ, खालचा तें मूळ. बाहेरचा वरचा तो शेंडा, खालचा तें शेपूट. अंगणांत सतरंजी पसरून तिच्यावर डोलकाठी व शीड ठेवावें. सिमेंटच्या फरशीवर ओढूं नये, कापड झिजतें. प्रथम कंठ व मूळ बांधावें. कंठाला दोन दोऱ्या लागतात: एक डोलकाठीला वेढा घालणारी, दुसरी काठीच्या शेंड्याकडे तिरपी जाऊन शीड खालीं घसरूं न देणारी. हीच दुसरी दोरी आमच्या छायाचित्रांत नाहीं, म्हणून सारें शीड चार बोटें खालीं उतरलें आहे. मग मधल्या भोंकांतून एकेक दोरी दुहेरी वेढ्यानें बांधीत जावें. शीड व काठी यांमध्यें १० मिलिमीटरांहून अधिक फट असूं नये असा या नावांच्या शर्यतींचा नियम आहे, आणि शर्यत न खेळणाऱ्यानेंही तो पाळावा. सर्व फटी सारख्या हव्यात. एक घट्ट, एक सैल असें झालें कीं प्रत्येक गांठीपासून किरणांसारख्या सुरकुत्या निघतात. अगदीं आवळूनही बांधूं नये. काठीभोंवतीं शीड फिरलें पाहिजे.

गांठ कोणती? लहानपणीं आपण सुरगांठ व निरगांठ शिकलों. ओढतांच सुटणारी सुरगांठ येथें घातक, आणि चाकूवांचून न सुटणारी निरगांठ जाचक. उजवें टोंक डाव्यावर, मग डावें उजव्यावर, अशी सपाट गांठ मारून तिच्यावर आणखी एक फांस घालावा. दोन्ही वेळां उजवेंच टोंक वर घेतलें तर गांठ वांकडी बसते व हिसक्यानें सरकते. हें मुलाकडून करवून घ्यावें. तिन्ही काकांनीं दुरून पाहावें.

बूमच्या बाबतींत पद्धत तीच. शेपूट मात्र दोन बाजूंनीं धरावें लागतें: एक दोरी त्याला बूमच्या टोंकाकडे ताणते, दुसरी बूमला बिलगून ठेवते. वारा मध्यम असतां पहिली दोरी किंचित् सैल ठेवून शिडाच्या तळाशीं थोडा फुगवटा राहूं द्यावा. वारा जोराचा असेल तेव्हां ती ताणावी. बूमच्या डोलकाठीकडील टोंकाशीं एक आंखूड दोरीचा फांस असतो, तो काठीवरील खुंटीला अडकवितात. अडकविण्यापूर्वीं त्याला पीळ द्यावा. जितके पीळ अधिक, तितकी शिडाची पुढची कड ताणली जाते. वाऱ्याप्रमाणें पिळांची संख्या कमीजास्त करणें हें मुलांना फार आवडतें.

आतां सर्वांत महत्त्वाची दोरी. डोलकाठी नावेंतील आडव्या फळीच्या भोंकांतून खालीं जाऊन तळाच्या खोबणींत नुसती टेकलेली असते. नाव उलटली कीं वजनानें ती आपोआप बाहेर निसटते. अर्धवट निसटली तर अधिक वाईट: मूल नाव सरळ करूं लागतें तेव्हां ती काठी पहारीसारखी फळी व तळ उचकटते. लहान नाव उलटणें हा अपघात नव्हे, तो शिक्षणक्रमांतील नेहमींचा धडा आहे. म्हणून उलटल्यावर काय होईल याचा विचार करूनच बांधणी केली पाहिजे. काठी फळीशीं जखडणारी पकड असते ती आवळावी, आणि शिवाय एक दोरी काठीपासून नावेला पक्की बांधावी. आमच्या भगिनींच्या नावेंत यांपैकीं एकही नव्हतें. मुलगा उलटला नाहीं हें त्याचें नशीब.

नावेचें तोंड वाऱ्याकडे करून मग काठी उभी करावी. आजूबाजूला विजेच्या तारा नाहींत हें आधीं पाहावें; काठी ॲल्युमिनियमची आहे. नंतर स्प्रिटचें वरचें टोंक शेंड्याच्या फांशांत घालून खालचें टोंक डोलकाठीवरील दोरीच्या फांशांत बसवावें व ती दोरी ओढून शेंडा वर उचलावा. किती ओढावी? याचें उत्तर शीड स्वतःच देतें. कंठापासून शेपटाकडे तिरपी सुरकुती दिसली तर स्प्रिट सैल आहे, आणखी ओढावी. शेंड्यापासून मुळाकडे सुरकुती पडली तर अति झालें, थोडी सोडावी. दोन्ही सुरकुत्या जेथें नाहींशा होतात तेथें थांबावें. वारा वाढला कीं पुन्हां पाहावें, कारण जोराच्या वाऱ्यांत अधिक ताण लागतो. बूम वर उचलूं नये म्हणून तिला खालीं ओढणारी आणखी एक दोरी असते, तिला 'व्हँग' म्हणतात. ती आवळली कीं स्प्रिटचा हिशेब बदलतो, म्हणून सुरकुत्या पुनश्च तपासाव्या. एवढी एक गोष्ट मुलाला समजली म्हणजे त्याला वडील माणसाची गरज उरत नाहीं. कापडावरील रेघ वाचतां येणें हें पुस्तकांतील ओळ वाचतां येण्यापेक्षां कमी प्रतीचें आहे असें मला, आयुष्य फळ्यासमोर घालवूनही, वाटत नाहीं.

डोलकाठीचा कल हा शेवटला मुद्दा. काठीच्या शेंड्यापासून नावेच्या मागच्या फळीच्या वरच्या कडेच्या मध्यापर्यंत फीत धरून मोजावें. हें अंतर साधारणतः २·८० मीटरच्या आसपास असतें. काठी मागें झुकली तर नाव सुकाणूशीं भांडून वाऱ्याकडे तोंड वळवूं पाहते, पुढें झुकली तर वाऱ्यापासून पळूं पाहते. सुकाणू हातांत असतां नाव किंचित् वाऱ्याकडे ओढत असावी, अधिक नको. मूल घाबरून हात सोडून बसलें तर अशी नाव वाऱ्याकडे वळून मंद होते.

पाण्यांत घालण्यापूर्वीं आणखी थोडें. नावेंत हवेच्या तीन पिशव्या असतात. त्या रात्रीं फुगवून ठेवाव्या व सकाळीं दाबून पाहाव्या. उलटलेली नाव त्यांच्यामुळेंच तरंगते. पाणी उपसण्याचें भांडें दोरीनें बांधलेलें असावें. नाकाशीं तरंगणारा दोर असावा, जाडी ५ मिलिमीटरांहून व लांबी ८ मीटरांहून कमी नको. शीड फिरविण्याच्या दोराच्या शेवटीं इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी गांठ मारावी, म्हणजे तो कप्पींतून निसटत नाहीं. मुलाला पोहतां येत असलें तरी अंगावर लाइफ जॅकेट हवेंच. आणि पहिल्या दिवशीं वारा कांठाकडे येत असेल तेव्हांच नाव सोडावी; शीड बिघडलें तरी वारा तिला घरच्याच कांठाला आणील.

आजींना माझी विनंती अशी कीं, विक्रीचा हुकूम पंधरा दिवस तहकूब ठेवावा आणि नव्या बांधणीनंतर मुलाला कांठापासून पन्नास पावलें वाऱ्याच्या तोंडाशीं जाऊन परत येण्यास सांगावें. तेवढें झालें नाहीं तर मग काय तें ठरवावें.

घरीं आल्यावर आधीं स्प्रिट सोडावी. ताणलेली ठेवली तर शिडाचा आकार जातो. खाऱ्या पाण्यांतून आली असेल तर शीड, काठ्या व कप्प्या गोड्या पाण्यानें धुवाव्या, आणि शीड सावलींत वाळवावें. घड्या घालूं नयेत. डोलकाठीला बांधलेलेंच ठेवून तिच्याभोंवतीं गुंडाळलें तर पुढच्या रविवारीं कंठ व मूळ तेवढें तपासावें लागतें. माळ्यावर मात्र ठेवूं नये. उंदरांना दोऱ्या फार आवडतात.