जिन्यातली कोरकू

जर्मनच्या 'ए-वन'ला बसलेली मुलं 'डेर, डी, डास'चा तक्ता खोलीच्या भिंतीवर चिकटवतात आणि या भाषेला तीन लिंगं आहेत म्हणून अचंबा करतात. अरे, 'तो, ती, ते' म्हणतच मोठे झालात ना? मराठीलाही तीन लिंगं आहेत, हे पुण्यात पदवीच्या वर्गात मला सांगावं लागतं.

जर्मन शिका, जपानी शिका, पोटापाण्यासाठी लागतं ते सगळं शिका. माझं भांडण त्याच्याशी नाही.

माझ्या वर्गात मेळघाटातल्या धारणीकडचा एक मुलगा होता. आईचा फोन आला की तो मित्रांतून उठून जिन्यात जायचा, तोंडावर हात धरून बोलायचा. एकदा विचारलं, "कोरकू बोलतोस का रे घरी?" "नाही सर, ते असंच... गावाकडचं." मान खाली. त्याच जिन्यात दुसरी पोरं जपानीचे चुकीचे उच्चार मोठ्यानं घोकत बसायची. त्यांना कोणी हसत नव्हतं. याला हसलं होतं. हसणारे आपण होतो.

"ती बोली हो, तिला लिपी कुठंय?" असं शिकलेसवरलेले लोक छातीठोक सांगतात. मग इंग्रजीची, जर्मनची लिपी तरी त्यांची स्वतःची आहे का? दोघींनी रोमनच उचलली. कोरकू मुंडा कुळातली, संथालीच्या नात्यातली. जे द्विवचन आपण संस्कृतच्या तासाला रडत पाठ केलं, तसं द्विवचन मेळघाटातली पोरं अंगणात खेळताना वापरतात. २०११च्या जनगणनेत सात लाखांहून जास्त लोकांनी ती मातृभाषा म्हणून सांगितली. आइसलँडची अख्खी वस्ती चार लाखांच्या आसपास. तिथं त्यांच्या भाषेत विद्यापीठ चालतं, त्या भाषेतल्या लेखकाला १९५५ साली नोबेल मिळालं. आणि आपल्याकडे गोंडी बोलणारे तीस लाखांच्या घरात असूनही ती आठव्या अनुसूचीत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ला मराठी अभिजात ठरली तेव्हा माझ्या वर्गातल्या याच हसणाऱ्या मुलांनी अभिमानाचे स्टेटस ठेवले. स्वतःच्या भाषेचा मान मागणाऱ्यानं शेजारच्या भाषेला 'जंगली' म्हणणं हा नीचपणा आहे, आणि तो आम्ही मास्तरांनी वर्गात खपवून घेतला.

तो मुलगा पदवी घेऊन गावी गेला. त्याच्या गुणपत्रिकेवर परकीय भाषेचे श्रेयांक आहेत. कोरकूचा रकानाच आमच्याकडे नाही.