तयारी मे महिन्यातच हवी

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने दापोली-मंडणगडात विजेचे खांब आडवे केले. कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. तेव्हा आम्हांला उमगले, इन्व्हर्टरही विजेवरच भरतो! १२ व्होल्ट, १५० एएचची चांगली बॅटरी एक पंखा व ९ वॅटचे दोन दिवे दहा-बारा तास चालवते, मग संपते. म्हणून मोठे संकट आले, तर पंखा बंद ठेवावा, मुलांच्या अभ्यासापुरता एकच दिवा लावावा, काम झाले की इन्व्हर्टरही बंद करावा. बॅटरीत नळाचे पाणी नको, डिस्टिल्ड वॉटरच घालावे. जिथे बॅटरी परवडत नाही, तिथे उन्हावर भरणारा सौर कंदील घ्यावा. ढगाळ दिवशीही तो थोडाफार भरतो. निसर्ग मिरगाआधीच आले होते, हे विसरू नये.