पाठीचा बाक आणि रात्रीची कळ

मुलाची पाठ वाकडी दिसली की आपल्या घरांतून पहिले वाक्य येते, "पोक काढून बसू नकोस." मग दप्तर, संगणक आणि क्रिकेट यांना दोष देऊन झाला की फिजिओकडे फेऱ्या. मी डॉक्टर नाही, संगणक अभियंता आहे. पण या क्रमाला माझी हरकत आहे.

वाढत्या वयात कणा बाजूला वळतो, म्हणजे स्कोलिओसिस होतो, तेव्हा तो सहसा फारसा दुखत नाही. बाक आणि सततचे दुखणे एकत्र आले, त्यात रात्री कळ येऊन झोपमोड होत असेल, तर कारण शोधायलाच हवे. एक विरळा कारण म्हणजे ऑस्टिऑइड ऑस्टिओमा, मणक्याच्या हाडातली जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरची गाठ. ही गाठ कर्करोगाची नव्हे. पण तिच्यात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होऊन वेदना होते, स्नायू आखडतात आणि कण्याला बाक येतो. म्हणूनच आयब्युप्रोफेनने विलक्षण आराम पडतो. तेवढ्याने आजार जात नाही. उलट हीच खूण डॉक्टरांना आवर्जून सांगावी. (मुलांना ऍस्पिरीन मात्र आपल्या मनाने देऊ नये.) साध्या एक्स-रेत गाठ निसटू शकते, सीटी स्कॅनमध्ये चांगली दिसते.

आता पैशाचे. एसीसी १९७४ पासून अपघाती दुखापतीचा खर्च उचलते, आजाराचा नाही. फिजिओकडे चिठ्ठीशिवाय जाता येते. जीपीची फी मात्र १४ वर्षे पूर्ण झाली की बहुतेक ठिकाणी भरावी लागते. त्यामुळे "खेळताना लचक भरली असेल" असे लिहून देण्याचा मोह होतो. पडल्याचे आठवत नसेल तर तसे लिहू नये. अशा नोंदीपायी महिने जातात, आणि इथे महिन्यांनाच किंमत आहे. दुखणे सुरू झाल्यापासून सुमारे १५ महिन्यांत गाठ काढली तर बाक आपोआप सुधारण्याची शक्यता अधिक असते, असे मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९८६ साली दाखवले. तेव्हा जीपीची फी वाचवू नका.

इथल्या रहिवाशांना सरकारी रुग्णालयात तपासणी व शस्त्रक्रिया मोफत आहे, पण रांग लांब. म्हणून रात्रीच्या कळेचा उल्लेख चिठ्ठीत स्पष्ट करवून घ्या. विमा काढायचा तर आधीच. निदान झाल्यावर घेतलेली पॉलिसी त्या दुखण्याचा खर्च सहसा देत नाही. आणि पायात अशक्तपणा किंवा लघवीवरचा ताबा जाणे दिसले, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी इमर्जन्सीत जावे.