दाढेला टोपी बसवताना



दाढ ठणकू लागली की आपण आधी लवंग धरतो, मग मिठाच्या गुळण्या करतो, कुणी तंबाखूची चिमूट दाबून धरतो, आणि अगदीच झोप उडाली म्हणजे तालुक्याला जातो. तोवर कीड आतल्या नसेपर्यंत गेलेली असते. डॉक्टर म्हणतात, ‘रूट कॅनॉल करू, दाढ वाचेल.’ दोन-तीन खेपा होतात, पैसे जातात, ठणका थांबतो. ‘आता वर टोपी बसवायला या’ असेही डॉक्टर बजावतात. पण तेवढ्यात सोयाबीनची काढणी लागते. दुखत नाही ना, मग पुढच्या महिन्यात पाहू! तो पुढचा महिना काही येत नाही.

ही दाढ बाहेरून धड दिसली तरी आतून पोकळ झालेली असते. कीड खाऊन गेली, उरलेसुरले डॉक्टरांनी कोरले, भिंती पातळ राहिल्या. अशात भाकरीतला खडा किंवा सुपारीचे खांड दाताखाली आले की ती उभी चिरते. चीर मुळापर्यंत गेली तर दाढ काढण्यावाचून इलाज राहत नाही, आणि रूट कॅनॉलला घातलेला पैसाही तिच्याबरोबर जातो. बैलगाडीचे चाक आठवा. सुताराने लाकूड कितीही बेमालूम जोडले, तरी वर लोखंडी धाव चढल्याशिवाय ते चाक खाचखळग्यांत टिकत नाही. दाढेवरची टोपी म्हणजे ती धावच.

आता टोपी कशाची? हल्ली डॉक्टर झिर्कोनियाचे नाव घेतात. नाव परके वाटले तरी वस्तू अगदीच अनोळखी नाही. अमेरिकन डायमंड म्हणून जे खडे कुड्यांत बसवतात, ते याच घराण्यातले. ज्या झिरकॉन वाळूपासून हा पदार्थ करतात, ती आपल्याच देशात केरळच्या चवरा किनाऱ्यावर सापडते. टोपी करताना खडूसारख्या ठोकळ्यातून यंत्र ती कोरते, पण मापापेक्षा मोठी. मग सुमारे १५०० अंशांच्या भट्टीत भाजली की ती आकसून नेमकी मापाला येते. कच्चे मडके वाळता-भाजताना आकसते, तसेच. चिनी मातीची वस्तू पडली की फुटते. ही सहसा चिवट राहते. तडा जाऊ लागला की त्याच्या टोकाशी असलेले बारीक कण फुगतात आणि तडा दाबून धरतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९७५ साली हा गुण दाखवून दिला.

रंग दातासारखा, गंज नाही, हिरडीशी काळी रेघ नाही. म्हणून समोरच्या दातांना, किंवा ज्यांच्या अंगाला निकेलसारखा धातू सोसत नाही त्यांना झिर्कोनिया चांगला. मात्र जितका तो काचेसारखा पारदर्शक, तितका ताकदीला थोडा कमी. मागच्या दाढेला घ्यायचाच असेल तर जरा अपारदर्शक, मजबूत जातीचा मागा. आणि खरे सांगायचे तर अगदी शेवटच्या दाढेला, जी हसताना दिसतही नाही, साधी धातूची टोपी उत्तम काम देते. ती पातळ असते, त्यामुळे दाढ कमी घासावी लागते. तीत कमीपणा कसला? पैसे अपुरे आहेत म्हणून काहीच न बसवण्यापेक्षा ती बसवा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत खर्च बराच कमी येतो. खेपा मात्र जास्त घालाव्या लागतात.

रूट कॅनॉल सुरू करण्याआधीच टोपीसह एकूण खर्च विचारून घ्या. छोटी कीड असेल तर नुसते सिमेंट भरून भागते का, हेही विचारा. दरेक किडक्या दाताला टोपी लागत नाही. टोपीबरोबर कंपनीचे कार्ड मिळते, ते सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा. बसवल्यावर चावताना ती उंच लागली तर गप्प बसू नका. डॉक्टर घासून देतील, पण घासल्यावर पुन्हा गुळगुळीत करायला सांगा. खरखरीत झिर्कोनिया समोरचा दात झिजवतो.

टोपीला कीड लागत नाही, पण तिच्या काठाखालच्या दाताला लागते. रात्री झोपताना हिरडीच्या कडेने ब्रश फिरवाच. मिश्रीवाल्या आजींनाही हे लागू आहे, त्या रागावल्या तरी! टोपी निघाली तर दुकानातल्या गोंदाने घरी चिकटवू नका. धुऊन डबीत ठेवा, त्या बाजूने चावू नका, आणि दोन-चार दिवसांत डबीसकट डॉक्टरांकडे जा. दाढ धड असेल तर बहुधा तीच टोपी पुन्हा बसते.