सर्वेक्षण झाले, पण फाईल कुठे आहे?

सच्चर समितीचा अहवाल आला 2006 मध्ये, महाराष्ट्रातील महमूदुर रहमान समितीचा 2013 मध्ये. पुढच्या वर्षी राज्याने मुस्लिमांतील मागास घटकांसाठी 5 टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला. उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतील आरक्षणाला स्थगिती दिली, शिक्षणातील आरक्षण मात्र रोखले नाही. ते का टिकले? कारण अहवालांतले आकडे समोर होते. नंतर सरकारने अध्यादेशाचा कायदाच केला नाही, ती गोष्ट वेगळी.

आता आपल्याकडे पाहा. भवानी पेठेत विडी वळणाऱ्या महिलांची पाहणी करायची म्हटली, तर उत्साही मुले-मुली लगेच मिळतात. अडते ते नंतर. 'फायनल', 'फायनल 2', 'नवीन फायनल' अशा एक्सेल फाईली कुणाच्या तरी मोबाईलमध्ये पडून राहतात. एकाच घरातले आडनाव कुठे शेख, कुठे शेक. जातीच्या रकान्यात सरसकट 'मुस्लिम'. बागवान, मोमीन, तांबोळी, अत्तार हे ओबीसीत येतात, हा तपशील तिथेच पुसला जातो, आणि सवलतीच्या मागणीला नेमका तोच लागतो.

चुका मोठ्यांच्याही होतात. हार्वर्डच्या राइनहार्ट आणि रोगॉफ यांच्या 2010 च्या कर्जविषयक निबंधात एक्सेलच्या सूत्रातून पाच देश सुटले होते. 2013 मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने ते पकडले. त्याने मूळ फाईल मागितली, आणि ती मिळाली! आपल्याकडे मागितली तर मिळेल का?

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. नाव, पत्ता, मोबाईल नंबर, धर्म, उत्पन्न हे सगळे एका फाईलमध्ये आणि ती फाईल व्हॉट्सॲप ग्रुपवर. आजच्या वातावरणात अशी यादी कुणाच्या हाती पडेल, याचा विचार ज्याने केला नाही त्याने दार ठोठावूच नये. नावे एका फाईलमध्ये, उत्तरे दुसऱ्या, जोडायला फक्त क्रमांक. एवढी साधी शिस्त शिकवायला अर्धा दिवस पुरतो.

शिकायला पैसेही लागत नाहीत. कोबो टूलबॉक्समध्ये मोबाईलवर, नेट नसतानाही अर्ज भरता येतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिबरऑफिसचे धडे मराठीत आहेत. तरी एकट्याने व्हिडिओ बघून सवय लागत नाही. सोबत बसून, आपलीच फाईल उघडून शिकावे लागते. म्हणून सोलापूर विद्यापीठाने पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये यासाठी किमान दोन दिवस द्यावेत, आणि वस्तीत पाहणी करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनाही त्या वर्गात बसू द्यावे. ही मागणी आपल्या पदवीधर मुलींनी लेखी करावी. घरोघरी जाऊन प्रश्न त्याच विचारतात.