सत्तर हजारांच्या पडद्यावरचे ठिपके आम्ही का सोसायचे?

यवतमाळ जिल्ह्यातील पालकांनो आणि तरुण मित्रांनो,

गेमिंग मॉनिटर घेताना आपली पोरं पडदा ओएलईडी की आयपीएस, किती हर्ट्झ, किती मिलिसेकंद, सगळं तोंडपाठ सांगतात. माल खराब निघाला तर बदलून कोण देणार, हे मात्र कोणीच विचारत नाही. खरेदीची सुरुवात याच प्रश्नापासून करा. कापसाच्या चुकाऱ्यातून किंवा पगाराच्या हप्त्यांतून साठ-सत्तर हजार मोजायचे आणि पुन्हा खोकं पाठीवर टाकून नागपूरच्या सर्व्हिस सेंटरच्या चकरा मारायच्या, हा कुठला न्याय?

4के पडद्यावर 82 लाख 94 हजार 400 पिक्सेल असतात. त्यातले काही मेलेले निघाले, म्हणजे पडद्यावर ठिपके दिसले, की अनेक कंपन्या ‘हे आमच्या पिक्सेल पॉलिसीत बसतं’ म्हणून हात वर करतात. पैसे घेताना ही पॉलिसी कोणी वाचून दाखवत नाही. आयएसओ 9241-307 या मानकात सदोष पिक्सेलनुसार वर्ग पाडले आहेत आणि शून्य वर्गात एकही चालत नाही. म्हणजे निर्दोष पडदा कशाला म्हणतात, हे कंपन्यांना पक्कं ठाऊक आहे. तरी कारखान्यातली तपासणी ढिली ठेवायची आणि खराब नग ओळखायचं काम गिऱ्हाईकाच्या गळ्यात मारायचं, हे आम्हाला मान्य नाही. मॉनिटरच्या मागे छापलेल्या बीआयएस क्रमांकावरही भिस्त ठेवू नका. तो विजेच्या सुरक्षिततेपुरता आहे, चित्राची हमी देत नाही.

कंपन्या सुधारेपर्यंत तपासणी आपणच करायची. खोकं फोडण्याआधी मोबाइलवर चित्रीकरण सुरू करा. रात्री दिवे मालवून पडदा पूर्ण काळा करा. आयपीएस असेल तर कोपऱ्यांतून पिवळट उजेड झिरपतो का, बघा. मग गडद राखाडी रंग लावा. ओएलईडीतले उभे-आडवे पट्टे याच रंगावर उघडे पडतात. शेवटी पांढरा, लाल, हिरवा, निळा लावून अगदी जवळून ठिपके शोधा. हे सगळं पहिल्याच दिवशी करा, कारण ऑनलाइन खरेदीत बदलून मिळण्याची मुदत अनेकदा मोजक्या दिवसांचीच असते.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या बिलावरच्या ओळीला घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सदोष माल बिलातल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. विक्रेत्याने केलेल्या दाव्यापेक्षा माल कमी पडला तर तोही दोषच. म्हणून जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

बियाणं सदोष निघालं तर शेतकरी ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच सांगितलं. मॉनिटरच्या गिऱ्हाईकालाही तोच दरवाजा उघडा आहे. कंपनी बंगळुरूची असो की गुरुग्रामची, तक्रार आपण राहतो तिथल्या, म्हणजे यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात (पूर्वीच्या ग्राहक मंचात) करता येते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, तक्रारीची मुदत 2 वर्षांची. त्याआधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा.

यवतमाळच्या दत्त चौकापासून पुसद, वणी, उमरखेडपर्यंतच्या दुकानदारांना आमची मागणी आहे: पैसे घेण्याआधी मॉनिटर लावून काळा आणि पांढरा पडदा दाखवा. किती ठिपक्यांवर नग बदलून मिळेल, बदली नग कोरा असेल की दुरुस्त केलेला, आणि नेण्या-आणण्याचा खर्च कोणाचा, हे बिलावर लिहून सही-शिक्का द्या. जो देणार नाही, त्याच्याकडून मॉनिटर घेऊ नका.